सूर्य बघायचा तर कडेनं बघा

दुर्बिणीतून पहिल्यांदा सूर्य बघणाऱ्याची नजर बिंबाच्या मधोमध जाते. दोन-चार काळे ठिपके दिसतात, समाधान होतं आणि दुर्बीण आवरली जाते. पण सूर्याचं बरंचसं गुपित उघडं पडतं ते कडेला. मध्यावर आपण सूर्यात सरळ खाली बघत असतो, कडेला तिरपं बघतो, त्यामुळे तोच डाग दोन्ही जागी वेगळा दिसतो. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्यानं हा डाग तेरा-चौदा दिवसांत सगळ्या कोनांतून आपल्यासमोरून जातो. मोठ्या दुर्बिणीतून एकदाच घेतलेल्या दर्शनापेक्षा ६० मिलिमीटरच्या साध्या दुर्बिणीनं पंधरवडाभर रोज वीस मिनिटं केलेली पाहणी जास्त शिकवते, हे माझं ठाम मत.

आधी डोळे. दृष्टिपटलाला वेदना होत नाही, त्यामुळे डोळा भाजत असताना ते कळत नाही. नुकसान काही तासांनी लक्षात येतं आणि ते कायमचंही असू शकतं. फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, म्हणजे प्रकाश आत शिरण्याआधी. स्वस्त दुर्बिणींसोबत आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात बसवायची, ‘सन’ असं लिहिलेली छोटी काळी काच मिळते. ती कुणाला देऊही नका, फोडून टाका. ती बसते तिथे भिंगानं गोळा केलेली सगळी उष्णता येते आणि काच तडकते, नेमका डोळा लावलेला असताना. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी यांचंही नाव नको. दिसणारा प्रकाश त्यांनी मंद झाला तरी अवरक्त किरण आत येतच राहतात.

सौर फिल्म घेताना ऑप्टिकल डेन्सिटी ५ ची घ्या. ती लाखातला एक भाग प्रकाश आत सोडते. ३.८ ची फिल्मही मिळते, पण ती फक्त कॅमेऱ्यासाठी. तिच्यातून डोळ्यानं बघायचं नाही. बसवणं सोपं आहे. पुठ्ठ्याची चार-पाच सेंटिमीटर रुंद पट्टी दुर्बिणीच्या तोंडाभोवती घट्ट गुंडाळून नळकांडं करा. दोन पुठ्ठ्याच्या चकत्या मधून गोल कापून घ्या, त्यांच्यामध्ये दुहेरी चिकटपट्टीनं फिल्म धरा आणि हे सँडविच नळकांड्यावर चिकटवा. फिल्म ताणायची नाही. सुरकुत्या दिसल्या की हात शिवशिवतात, पण प्रतिमा सुरकुत्यांनी बिघडत नाही, ताणानं बिघडते. दर वेळी वापरण्याआधी फिल्म दिव्यासमोर धरून टाचणीएवढं छिद्र पडलंय का ते बघा. नळकांडं दुर्बिणीला चिकटपट्टीनं पक्कं करा, कारण वाऱ्याची एक झुळूक पुरते. शोधक दुर्बिणीवर टोपण लावा, नाहीतर तीच काढून ठेवा. सूर्य शोधायला तिची गरज नाही: नळीची जमिनीवरची सावली सगळ्यांत लहान झाली की दुर्बीण सूर्याकडे वळलेली असते.

फिल्म नसेल तर प्रतिमा कागदावर पाडायची. चार जणांना एकदम दाखवायचं असेल तर मी हीच पद्धत सुचवीन. दुर्बिणीच्या नाभीशी पडणाऱ्या सूर्याच्या प्रतिमेचा व्यास नाभीय अंतराच्या साधारण १०८ व्या भागाएवढा असतो. ७०० मिलिमीटर नाभीय अंतर असेल तर ६.५ मिलिमीटर. २५ मिलिमीटरच्या आयपीसमागे ६० सेंटिमीटरवर पांढरा कागद धरला की बिंब १५ सेंटिमीटरचं होतं. चित्र काढायला हे माप सोयीचं: या मापात पृथ्वी जेमतेम १.४ मिलिमीटरची. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ असते आणि जुलैत सगळ्यांत लांब, त्यामुळे बिंबाचा आकार तीनेक टक्क्यांनी बदलतो. म्हणून वर्षभर १५ सेंटिमीटरच ठेवायचं तर जुलैत कागद जानेवारीपेक्षा दोनेक सेंटिमीटर मागे न्यावा लागतो.

यासाठी आयपीस साधं वापरा, हायगेन्स किंवा रॅम्सडेन. प्लॉसलमध्ये भिंगं एकमेकांना चिकटवलेली असतात आणि उष्णतेनं तो डिंक खराब होतो. कॅसेग्रेन जातीच्या बंद नळीच्या दुर्बिणीनं कागदावर प्रतिमा पाडायचीच नाही, आतले भाग तापून वितळतात. आणि लहान मुलं जवळ असतील तर आयपीस आणि कागद यांच्यामध्ये डोकं घालायची त्यांची ओढ गृहीत धरूनच उभे राहा.

सुईछिद्रातून डाग दिसतील ही आशा सोडा. पाच मीटरवर साडेचार सेंटिमीटरचं बिंब पडतं खरं, पण छिद्र जेवढं तेवढा धूसरपणा प्रतिमेत येतो. तीन मिलिमीटरचं छिद्र म्हणजे बिंबाच्या पंधराव्या भागाएवढी धूसरता. ग्रहणाला ते छान, डागांना निरुपयोगी.

वेळ सकाळची. सूर्य क्षितिजापासून २०-३० अंश वर आला की सुरू करा आणि गच्ची तापायच्या आत आटपा. सिमेंटची गच्ची दहा वाजल्यानंतर तव्यासारखी होते, तिच्यावरची हवा उकळते आणि बिंबाची कड पाण्यात पडल्यासारखी थरथरते. गवत किंवा ओली माती केव्हाही बरी. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर बांधली ती याच कारणासाठी: भोवती पाणी असलं की हवा कमी तापते आणि प्रतिमा स्थिर राहते.

आता बिंब. पहिली पाच मिनिटं दिशा ठरवण्यात घालवा, ती वाया जात नाहीत. दुर्बीण हलवू नका, बिंब सरकू द्या. जी कड आधी दृश्याबाहेर जाते ती पश्चिम. डाग पूर्व कडेवर उगवतात आणि पश्चिम कडेवर मावळतात. ग्रहणाचा चष्मा लावून नुसत्या डोळ्यांनी बघत असाल तर आणखी एक गोंधळ होतो. सकाळी पूर्वेकडे तोंड करून बघताना सूर्याची उत्तर आपल्या डावीकडे असते आणि पूर्व कड खाली. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड केलं की उत्तर उजवीकडे आणि पूर्व कड वर. दिवसभरात बिंब जवळजवळ उलटं होतं. सकाळी वर असलेला डाग संध्याकाळी खाली गेला म्हणून तो पळाला असं समजू नका.

डाग आणि धूळ यांतला फरकही इथेच कळतो. कागद हलवा: ठिपका कागदाबरोबर गेला तर तो कागदाचा. आयपीस फिरवा: ठिपका फिरला तर ती आयपीसवरची धूळ. दुर्बिणीला हलकेच टिचकी मारा: बिंबाबरोबर थरथरतो तो सूर्याचा. टिचकीचा फायदा असा की अगदी पुसट डाग हलतानाच नजरेत भरतात.

बिंबाकडे एकवार सबंध बघितलं की कड मध्यापेक्षा काळवंडलेली आणि किंचित तांबूस दिसते. हा दुर्बिणीचा दोष नव्हे. ज्याला आपण सूर्याचा पृष्ठभाग म्हणतो तो दीप्तिगोल म्हणजे जेमतेम ५०० किलोमीटर जाडीचा वायूचा थर. मध्यावर आपली नजर या थरात खोल, जास्त गरम भागापर्यंत पोचते. कडेला ती तिरपी शिरते आणि वरच्या थंड भागातच अडकते. म्हणून कडेचा उजेड मध्याच्या निम्म्याहून कमी. १५ सेंटिमीटरच्या चित्रात हा थर ०.०५ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या निम्मा. सूर्याला जमीन नाही, तरी त्याची कड करकरीत कापल्यासारखी दिसते ती यामुळे.

काळवंडलेल्या याच पट्ट्यात पांढुरके, फाटक्या जाळीसारखे पट्टे दिसले तर ती फॅक्युली. बहुतेक वेळा ती डागांच्या समूहाच्या आजूबाजूला असतात, आणि पूर्व कडेवर दिसली तर एक-दोन दिवसांत तिथून डाग उगवण्याची शक्यता धरा. बिंबाच्या मध्यावर ती गायब होतात. लांबून तिरपं बघितलं तर विहिरीची पलीकडची भिंत दिसते, पण वरून डोकावलं तर भिंत दिसत नाही, तळ दिसतो. तसंच इथे आहे. चुंबकीय क्षेत्र जिथे एकवटतं तिथला वायू विरळ होऊन बारीक खळगे पडतात आणि त्यांच्या भिंती आतून तापलेल्या असतात. कडेला त्या भिंती आपल्यासमोर येतात, मध्यावर नाही.

डाग काळे नाहीत, हे सांगून झिजलेलं वाक्य असलं तरी आकड्यानिशी सांगायला हवं. दीप्तिगोलाचं तापमान ५,८०० केल्विनच्या आसपास आणि मोठ्या डागाच्या गाभ्याचं, म्हणजे प्रच्छायेचं, साधारण ४,००० केल्विन. उजेड तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो, तेव्हा गाभ्याचा उजेड आजूबाजूच्या चौथाईहून कमी पडतो आणि शेजाऱ्याच्या झगझगाटात तो काळा भासतो. बाकी सूर्य झाकून मोठा डाग एकटाच आकाशात ठेवला तर पौर्णिमेच्या चंद्राहून कित्येक पट उजेड पडेल. कारण चुंबकत्व. १९०८ मध्ये जॉर्ज हेल यांनी अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत डागांच्या वर्णरेषा (वर्णपटातल्या रेषा) दुभंगलेल्या पाहिल्या आणि डागांत चुंबकीय क्षेत्र असल्याचं सिद्ध केलं. ते दोन-तीन हजार गाउसचं (गाउस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) असतं. पृथ्वीचं अर्ध्या गाउसच्या आसपास. इतकं क्षेत्र खालून उकळून वर येणाऱ्या वायूला अडवतं, उष्णता वर पोचत नाही आणि तेवढा भाग थंड राहतो.

गाभ्याभोवती करड्या रंगाची उपच्छाया असते, झेंडूच्या पाकळ्यांसारखी रेघारेघांची. ज्या ठिपक्याला उपच्छायाच नाही तो पोअर. असे बहुतेक ठिपके तासांत किंवा एखाद-दोन दिवसांत विरतात. मोठ्या गाभ्याला दुभागणारी उजळ रेघ दिसली तर तो प्रकाशसेतू, आणि बरेचदा तो डाग तुटायला लागल्याची खूण. समूहातला पुढचा, म्हणजे पश्चिमेकडचा डाग सहसा मोठा, टिकाऊ आणि विषुववृत्ताच्या थोडा जवळ असतो. मागचे आधी मोडतात. ग्रहणाच्या चष्म्यातून डाग दिसायला तो ३०-४० हजार किलोमीटरचा तरी हवा.

बाकी बिंबावर कण्यांसारखा बारीक दाणा असतो. गरम वायू मध्ये वर येतो, कडांनी खाली जातो. एकेक कण हजार-दीड हजार किलोमीटरचा, अख्खा महाराष्ट्र त्यात मावेल, आणि आयुष्य दहाएक मिनिटांचं. ६० मिलिमीटरमध्ये हे नीट उकलत नाही, १०० च्या पुढे जावं लागतं आणि हवाही साथ देणारी लागते. कागदावरच्या प्रतिमेत तर शोधूच नका.

आता एक डाग धरा आणि रोज त्याच वेळी १५ सेंटिमीटरच्या वर्तुळात त्याची जागा मांडा. गाभ्याला एचबी, उपच्छायेला टोकदार २एच पेन्सिल. शेजारी तारीख, वेळ आणि हवा कशी होती ते लिहा. पूर्व कडेवर उगवल्यावर पहिल्या दिवशी डाग दोनच मिलिमीटर पुढे जाईल, दुसऱ्या दिवशी सहा, आणि बिंबाच्या मध्याजवळ दिवसाला सतरा. वेग तोच आहे, गोल पृष्ठभाग आपण सपाट बघतोय एवढंच. सूर्य गोळा आहे हे स्वतःच्या पेन्सिलीनं पटवून घ्यायचं असेल तर हे तीन आकडे पुरतात.

पहिल्या दोन-तीन दिवसांत डाग चपटा, रेघेसारखा असतो. तेव्हा उपच्छायेची रुंदी दोन्ही बाजूंनी मोजा. गोल आणि नीटस डाग असेल तर बिंबाच्या मध्याकडची बाजू अरुंद आणि कडेकडची रुंद दिसते. डाग मध्यावर आला की दोन्ही सारख्या, आणि पश्चिमेकडे जाताना उलट. ग्लासगोच्या अलेक्झांडर विल्सन यांनी १७६९ मध्ये हे पाहिलं आणि डाग म्हणजे बशीसारखा खळगा असल्याचं मांडलं. आज कारण माहीत आहे: डागातला थंड, विरळ वायू जास्त पारदर्शक असतो, म्हणून तिथे आपल्याला काहीशे किलोमीटर खोलवरचं दिसतं. वेड्यावाकड्या समूहांत ही खूण शोधत बसू नका, हाती काही लागणार नाही.

कडेचा असाच फायदा कोडाईकनालला जॉन एव्हरशेड यांना झाला. जानेवारी १९०९ मध्ये त्यांनी उपच्छायेतल्या वर्णरेषा सरकलेल्या पाहिल्या. डाग मध्यावर असताना हे सरकणं दिसत नव्हतं, कडेजवळ दिसत होतं. अर्थ उघड होता: वायू वर-खाली जात नाही, पृष्ठभागाला समांतर गाभ्यापासून बाहेर वाहतो. तो आपल्या दिशेनं किंवा उलट वाहताना फक्त कडेलाच दिसणार.

रोजची मोजणी रुडॉल्फ वोल्फ यांच्या रीतीनं ठेवा: समूहांची संख्या गुणिले दहा, अधिक सुटे डाग. तीन समूह आणि त्यांत मिळून अकरा डाग, तर आकडा ४१. एकुलता एक डाग म्हणजे ११, कारण तो स्वतःच एक समूहही असतो; नवखे हमखास इथे चुकतात. दुर्बीण मध्येच बदलू नका, आकडा लगेच उडी मारतो. डागांची जागाही बघत राहा. साधारण ११ वर्षांच्या चक्राच्या आरंभी ते ३० अंशांच्या आसपासच्या अक्षांशांवर येतात आणि शेवटाकडे विषुववृत्ताजवळ. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं.

चित्रं जुळवताना सूर्याचा अक्ष विसरू नका. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो आकाशातल्या उत्तरेपासून २६ अंश पश्चिमेला आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तेवढाच पूर्वेला झुकलेला दिसतो. जानेवारी आणि जुलैच्या सुरुवातीला सरळ. शिवाय जून आणि डिसेंबरच्या सुरुवातीला डागांची वाट सरळ असते, सप्टेंबरात दक्षिणेकडे फुगते, मार्चमध्ये उत्तरेकडे. पेन्सिलीची रेघ वाकडी आली म्हणून खोडू नका.

पांढऱ्या प्रकाशात कडेच्या बाहेर काही दिसत नाही. त्यासाठी हायड्रोजन-अल्फाची, म्हणजे हायड्रोजनच्या तांबड्या रेषेची दुर्बीण लागते, ६५६.२८ नॅनोमीटरवर आणि एक अँगस्ट्रॉमहून (०.१ नॅनोमीटर) कमी रुंदीचा पट्टा सोडणारी. तेजोमेघांच्या फोटोंसाठी विकले जाणारे ७ नॅनोमीटरचे फिल्टर नावानं हेच, पण जवळजवळ शंभरपट रुंद. ते सूर्याकडे लावणं म्हणजे डोळा घालवणं. खऱ्या सौर दुर्बिणीत दीप्तिगोलाच्या वरचा वर्णगोल दिसतो, आणि कडेवर तेजःशृंगं, म्हणजे कडेबाहेर उंच गेलेला वायू: कमानी, कुंपणं, कधी सुटा ढग. ५० हजार किलोमीटर उंचीचं शृंग १५ सेंटिमीटरच्या मापात साडेपाच मिलिमीटर भरतं. ही शृंगं बिंबापेक्षा खूप मंद असतात, तेव्हा डोक्यावर काळं कापड घ्या आणि डोळ्याला दोन मिनिटं द्या. फोटोसाठी बिंब आणि शृंगं यांचे एक्सपोजर वेगळे घ्यावे लागतात.

तेच शृंग सूर्याबरोबर फिरून बिंबावर आलं की काळा, वळणावळणाचा दोरा होतो. कडेबाहेर मागे काळं आकाश असतं म्हणून ते उजळ दिसतं. बिंबावर मागे झगझगीत थर असतो, आणि शृंगातला तुलनेनं थंड हायड्रोजन तो प्रकाश शोषतो म्हणून काळं. जुन्या निरीक्षकांनी दोन्हींना वेगळी नावं दिली, शृंग आणि फिलामेंट, आणि ती आजही चालू आहेत. हा दोरा अचानक नाहीसा झाला तर दुर्बिणीला दोष देण्याआधी ट्यूनिंग थोडं निळ्या बाजूला सरकवा. वायू आपल्याकडे सेकंदाला ४५ किलोमीटरनं येत असेल तर रेषा सुमारे एक अँगस्ट्रॉम सरकते आणि फिल्टरच्या पट्ट्याबाहेर जाते. दोरा निळ्या बाजूला सापडला तर तो उचलला जातोय, आणि पुढची वीस मिनिटं जागेवरून हलू नका.

या शृंगांचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची पट्टी कोकणातून दख्खनवर गेली. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी शृंगांच्या तेजस्वी रेषा बघितल्या आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या पुन्हा बघून दाखवल्या. विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे कट्टे’ दाखवताना इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांचं नाव घेतलं जातं, पण ते तेव्हा इंग्लंडात होते. त्यांनी शृंगांच्या रेषा २० ऑक्टोबर १८६८ ला तिथूनच, ग्रहणाविना बघितल्या. हेलियमची पिवळी रेषा याच धांदलीतली. तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ ला, पुण्याचे कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला किरीटाचे, म्हणजे सूर्याच्या सगळ्यांत बाहेरच्या विरळ वातावरणाचे फोटो घ्यायला गेले. त्यांची पुण्यातली वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. आदित्य-एल१ वरची सूट दुर्बीण मात्र पुण्यातच, आयुकात घडली. ती २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये सबंध बिंब टिपते. त्यातला बराचसा प्रकाश वातावरण अडवत असल्यामुळे तो जमिनीवरून मिळतच नाही.

किरीट मात्र घरच्या कुठल्याही फिल्टरमधून दिसायचं नाही. ते दीप्तिगोलाच्या दहा लाखाव्या हिश्श्याएवढं मंद, त्यामुळे खग्रास ग्रहण किंवा बिंब झाकणारं खास उपकरण, एवढेच मार्ग.

तेराव्या-चौदाव्या दिवशी तुमचा डाग पश्चिम कडेवर पुन्हा रेघेसारखा होईल. शेवटच्या दोन दिवसांत भोवतीची फॅक्युली परत दिसू लागतील, तीही चित्रात घ्या. डाग दिसेनासा झाला तरी त्याचा अक्षांश लिहून ठेवा आणि त्या दिवसापासून पुढे तेरा-चौदा दिवस मोजा. बहुतेक समूह तोवर मोडलेले असतात. पण मोठा, गोल, एकटा डाग असेल तर त्या सकाळी पूर्व कडेवर त्याच अक्षांशाला आधी फॅक्युली शोधा.